शेडमधली हाक

आमच्या शेजारच्या विष्णुतात्यांना मोटार हाक मारायची आणि तात्या तिला 'ओ' द्यायचे. पत्र्याच्या शेडमध्ये, कुलूप लावून ठेवलेली, आत कोणी नसलेली पांढरी मोटार. भर दुपारी तिचा हॉर्न दोनदा तुटक वाजायचा. तात्या ताटावरून उठायचे, खांद्यावर टॉवेल टाकायचे आणि "व्हय, आलो" म्हणत शेडकडे निघायचे.

मी भवानीनगरला शाळेत मास्तर. तात्या साखर कारखान्याच्या इलेक्ट्रिक खात्यातून निवृत्त झालेले, उंच, काटकुळे. समोर कोणतंही यंत्र आलं की आधी त्याला कान लावणार. मिक्सर, पाण्याची मोटर, आमचा फ्रीज, सगळ्यांना. मग निकाल सांगणार, "जीव हाय अजून."

मोटार खरं तर मालनकाकींची. पन्नाशी उलटल्यावर त्या गाडी शिकल्या. तात्यांना मात्र गाडी चालवता येत नव्हती. इंदापूरला भाचीकडे जायचं तर काकी गाडी फाटकाशी आणून दोनदा हॉर्न द्यायच्या आणि तात्या पिशवी सावरत यायचे. दोन वर्षांपूर्वी काकी गेल्या. तेरावं झालं, पाहुणे परतले, आणि त्यानंतर चौथ्या दिवशी दुपारी शेडमधून दोनदा हॉर्न वाजला.

तेव्हापासून माझ्या बायकोनं, सुनंदानं, त्या बाजूची खिडकी उघडलेली नाही. दूधवाला आधी फाटकाशी थांबायचा, तो लांबूनच सायकलची घंटी वाजवू लागला. भाचीनं गाडी विकायचा विषय काढला, तर तात्या म्हणाले, "तिला इचारून सांगतो." आणि खरोखर शेडमध्ये जाऊन आले. "नगं म्हणती."

तात्या घर सोडून कुठं जात नसत. लग्नकार्य नाही, जत्रा नाही. आमच्याकडे चहाला बोलावलं तरी उंबऱ्यातूनच सांगायचे, "तिकडं हाक आली तर कळायचं न्हाय."

तात्या दर आठवड्याला जागच्या जागी इंजिन चालू करून ठेवायचे, तरी यंदा हिवाळा सरता सरता हॉर्नचा आवाज बदलला. आधी बारीक झाला, मग घोगरा. एकदा तर नुसता कण्हल्यासारखा आला. सुनंदाच्या हातातलं पीठ तसंच राहिलं. तात्या घाबरून माझ्याकडे आले.

"मास्तर, आवाज बसलाय तिचा. बॅटरी चाललीय. बारामतीला येता का? चार्जर बघायचाय."

दोन वर्षांत ते पहिल्यांदाच गावाबाहेर पडत होते. एस.टी.त दोनदा म्हणाले, "बिगीनं परतू."

दुकानदारानं आधी गॅरेजमध्ये असतो तसला मोठा चार्जर काढला. तात्यांनी त्याला कान लावला. "ह्यो लग्नातल्या आग्रहावानी हाय. पोट भरलं तरी वाढतोय. आतलं पाणी उकळून मरंल ती."

दुसरा लहान होता, पण बॅटरी भरली तरी बंद होत नसे. "ह्यो सावकाश वाढतो, पर थांबत न्हाय. ऐकतच न्हाय तिचं."

तिसरा तळहाताएवढा. दुकानदार म्हणाला, "काका, महिनोन्‌महिने उभ्या गाडीला हाच लावतात. बॅटरी भरली की आपोआप थांबतो, उतरली की थोडं थोडं देतो."

"म्हंजे इचारून वाढतो," तात्या म्हणाले. "झोपतो कवा?"

"झोपत नाही. लक्ष ठेवून असतो."

"मग ह्योच द्या."

चार्जर बांधता बांधता दुकानदारानं विचारलं, "गाडी चालवतं कोण?"

"मंडळी."

"मग काकूंना सांगा, आठवड्यातून एखादी चक्कर मारायची."

"ती गाडीतच असती."

दुकानदार हसला. मग माझ्या तोंडाकडे पाहून त्याचं हसू विरलं. तात्या वायर मोजत होते, तेव्हा काय भानगड आहे ते त्यानं मला हळूच विचारलं. मी हॉर्नचं सांगितल्यावर तो म्हणाला, "बॅटरी उतरली की चोरीचा अलार्म खुळ्यासारखा वाजतो, सर. दुसरं काही नाही." मला हायसं वाटलं. तात्यांना सांगायचा धीर मात्र झाला नाही.

त्या दिवशी मी पहिल्यांदा शेडमध्ये शिरलो. बाहेर लख्ख ऊन, आत उसाच्या वाळल्या पाचटाचा वास. ड्रायव्हरची सीट स्टिअरिंगला टेकेल इतकी पुढं ओढलेली होती. काकी ठेंगण्या होत्या. रिकाम्या सीटवरून पट्टा ओढून खटक्यात अडकवलेला.

"पट्टा?" मी विचारलं.

"तिला सवय हाय."

तात्यांनी बॉनेट उघडून तांबडा चिमटा लावला, मग काळा. भिंतीवरचं बटण दाबलं. गाडीतला दिवा उजळला आणि हॉर्न दोनदा वाजला, स्वच्छ, खणखणीत. मी मागं सरकलो तो डोकं पत्र्यावर आपटलं. अलार्म, अलार्म, असं मनात म्हणत होतो, पण अंगावरचा काटा काही बसेना. तात्या रिकाम्या सीटकडे बघून शांतपणे म्हणाले, "व्हय व्हय. हितंच हाय."

त्यानंतर हॉर्न वाजला नाही. आठवडा गेला, दुसरा गेला. दूधवाला फाटकाशी येऊ लागला. तात्या मात्र दुपारी ताटावर बसून वाट बघायचे. शेवटी मला बोलावलं.

"बघा बरं, बिघडलं काय?"

चार्जरवर हिरवा दिवा स्थिर होता. आता सांगायलाच हवं होतं. दुकानदाराचं म्हणणं मी जमेल तितक्या हळुवारपणे सांगितलं.

तात्यांनी ऐकून घेतलं. "मास्तर, ते पैल्या दिसापासनं ठावं हाय मला. तीस वर्सं वायरीतच गेली माजी."

"मग तुम्ही जात का होता?"

"घरात दुसरं कोण हाक मारतंय? 'ओ' द्यायला बरं वाटायचं."

"आणि चार्जर लावला की ती गप्प होणार, हेही माहीत होतं?"

"व्हय. पर न्हाय लावला तर बॅटरीच मरत हुती." त्यांनी बॉनेटवरची धूळ टॉवेलनं पुसली. "म्हटलं, गप का हुईना, जित्ती ऱ्हाऊ दे."

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमारास तात्या आमच्या ओट्याशी येऊन उभे राहिले. "हितं बसू का जरा?"

सुनंदानं खुर्ची दिली. चहा दिला. काकींच्या हातच्या तिळाच्या चटणीत नक्की काय असायचं, असं तिनं विचारलं, तर तात्या अर्धा तास सांगत बसले. त्यातलं निम्मं चुकीचं असावं. बोलता बोलता त्यांची मान कलली. दोन वर्षांची झोप एकदम आल्यासारखे ते झोपले.

सुनंदानं त्यांच्या बोटांतून कप अलगद सोडवून घेतला आणि ओट्यावरचा पंखा एकवर केला.