त्रिकोणी पांघरुणाची मोहीम

तलवारीने राज्ये जिंकिली त्यांच्या कथा बहुत. येथे क्रोशाच्या सुईने एक पांघरूण जिंकिले, ती हकीगत सावध होऊन ऐकावी, ऐसी जे:

राजश्री आप्पा, माजी बसचालक, यांचे कन्येस दिवस गेले. वर्तमान येताच विहीणबाई, ज्या विणकामात केवळ अजिंक्य, यांनी जाहीर केले की बाळ इस्पितळातून घरी येईल ते आमच्या पांघरुणात. हे आप्पांचे वर्मी लागले आणि त्यांनी भर जेवणात, हाती घास असता, प्रतिज्ञा केली की येईल तर आमच्याच हातच्या पांघरुणात येईल. पत्नीसाहेबांनी इतकेच फर्माविले, "आधी शर्टाचं बटण लावून दाखवा."

आप्पा डगमगले नाहीत. पिवळ्या लोकरीची रसद जमविली आणि बाल्कनीतील खुर्चीत तळ दिला. मग साखळ्या घातल्या, मग त्यांवर टाक्यांचे खांब उभारिले, आणि ओळ सरली की मोठ्या रुबाबाने सुई वळवून परतीची वाट धरिली, जैसी उभी हयात गाडी वळविली. मान आखडली, चहा गार जाहला, परंतु माघार म्हणोन घेतली नाही.

आणि पांघरूण वाढता वाढता निमुळते होऊ लागले. आप्पांनी ते ताणिले, इस्तरीखाली दामटिले, परंतु ते बधेना, आणि अखेर चौकोनाचा त्रिकोण जाहला. पत्नीसाहेबांनी चष्मा लावोन तपास केला, तो गुन्हा उघड जाहला.

"अहो, दर ओळीला शेवटचा खांब गाळलाय! टोकाला न जाता अलीकडूनच वळता!"

"शेवटच्या थांब्याला उतरतं कोण?" आप्पा सवयीने बोलून गेले.

सारे उसवावे, तो कन्या प्रसूत जाहली, नात जाहली, आणि मुदत सरली. घरी न्यावयाचे दिवशी आप्पा त्रिकोण पिशवीच्या तळाशी दडवोन, हरल्या सरदारासारिखे, इस्पितळी दाखल जाहले.

तेथे विहीणबाईंनी आपले पांघरूण पसरिले. देखणे, चौकोनी आणि जाडजूड. बाळास गुंडाळावे तर आधी पांघरुणाची तिरकी घडी घालणे आली, आणि घडीने ते दुप्पट जाड जाहले, आणि उकाडा ऐसा की बाळराणीसाहेबांनी आकांत मांडिला.

"आप्पा, पिशवीत काय लपवलंय?" कन्येने विचारिले, आणि उत्तराची वाट न पाहता ओढोन काढिले.

विहीणबाई प्रथम हसल्या. मग थांबल्या. मग त्यांनीच त्रिकोण पसरोन बाळ मधोमध ठेविले, खालचे टोक वर घेतले, बाजूची दोन्ही गुंडाळिली, आणि आकांत मिटला.

"व्याही, हे मुद्दाम असं विणलंत?"

आप्पांनी हयातीत प्रथमच गाडी शेवटच्या थांब्यापर्यंत नेली. "म्हणजे काय! चौकोन कोणीही विणेल." पत्नीसाहेबांस मोठा खोकला आला.

मग स्वारी घराकडे निघाली, आणि उंबरठा ओलांडिताच बाळराणीसाहेबांनी त्रिकोणावर ओला शिक्का उमटविला, आणि तत्क्षणी चौकोनास बोलावणे जाहले. उभयपक्षी तह ऐसा ठरला की उंबरठ्यापर्यंत आप्पांचे, पुढे विहीणबाईंचे.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. त्रिकोण दोरीवर वाळत आहे. शर्टाचे बटण अद्याप बाकी.