लाल बटण आणि माझी शिष्या

मोटारसायकल बंद पडली की लोक गॅरेजकडे धावतात. मी धावत नाही. एकतर गुडघे धावू देत नाहीत आणि दुसरं म्हणजे, प्लगला ठिणगी येते की नाही हे पाहायला गॅरेज कशाला हवं? हे तर मी दुसरीतल्या मुलालाही शिकवीन!

आणि खरोखरच शिकवायला घेतलं. माझी नात भिंगरी यंदाच दुसरीत गेली आहे.

वेळ मात्र थोडा होता. चिरंजीवांनी बजावलं होतं, "बाबा, संध्याकाळपर्यंत चालू झाली तर ठेवा. नाहीतर भंगारवाल्याला बोलावलंय." ज्या गाडीच्या टाकीवर बसून हे महाशय शाळेत गेले, तिच्याबद्दल हे शब्द! आणि मी भिंगरीला त्याच टाकीवरून एक चक्कर कबूल केली होती.

अंगणात वर्ग भरला.

"पहिला नियम," मी म्हणालो, "आजोबांनी गाडीला हात लावण्याआधी हँडलवरचं हे लाल बटण बंद करायचं. ते काम तुझं."

"का?"

"नाहीतर शॉक बसून आजोबांचे केस उभे राहतील."

"कुठले केस?"

मी धड्याकडे वळलो. प्लग काढला, त्याला वायरीची टोपी लावून इंजिनवर टेकवला, किक मारली. ठिणगी नाही! प्लग सुनेच्या नखं घासायच्या कानशीनं घासला. टिक, किक, काही नाही! ओला असेल म्हणून सांडशीत धरून गॅसवर तापवला.

"हे काय भाजताय?" आमची ही कडाडली. "पानात वाढू का?"

मग नवा प्लग आणला. टिक, किक, अंधार! इग्निशन कॉइल काढून जेवणाच्या टेबलावर मीटर लावून तपासली. ठणठणीत! वायरी तपासल्या, त्याही शहाण्यासारख्या! दुपारपर्यंत अंगणात सुटे भाग असे पसरले होते, जणू गाडीनं वाळवण घातलंय. सगळे भाग निर्दोष आणि गाडी मात्र गप्प! किका मारून माझा उजवा पाय दुसऱ्याच कुणाचा तरी वाटू लागला होता.

"आजोबा, ती दमलीय का?" भिंगरीनं विचारलं. तिचे डोळे भरून आले होते.

सगळं पुन्हा जोडलं तोवर भंगारवाला आला, मागोमाग चिरंजीव. मी नवा प्लग मुठीत धरून गाडीलगतच्या पायरीवर बसलो होतो. वायरीची टोपी अजून त्यालाच लावलेली. आता कसली ठिणगी आणि कसलं काय!

"बघा, मेलेलीच आहे," म्हणत चिरंजीवांनी किकवर पाय ठेवला.

"बाबा, तुमच्या वेळी बटण चालू करू?" भिंगरीनं विचारलं. "आजोबांच्या वेळी मी बंद करते."

"कर की," चिरंजीव म्हणाले.

टिक. किक. आणि मी पायरीवरून थेट उभा!

"सापडली! ठिणगी सापडली!" मी हात झटकत ओरडलो.

माझ्या शिष्येनं सकाळपासून एकदाही नियम मोडला नव्हता. मी हात पुढे केला की टिक! बटण बंद कधी करायचं ते मी शिकवलं होतं. चालू कधी करायचं, तेवढं शिकवायचं राहिलं होतं!

"माझं चुकलं का?" तिनं हळूच विचारलं.

"छे! पैकीच्या पैकी गुण. गुरुजी नापास."

मूळ दोष जुन्या प्लगचाच होता. नवा बसवला, शिष्येकडून बटण चालू करवून घेतलं, किक मारली आणि गाडी अशी खाकरली की हीसुद्धा हसत बाहेर आली. भिंगरीला टाकीवर घेऊन मी ऐटीत गल्लीत निघालो. चिरंजीव हात हलवत होते. त्यांचा चेहरा नीट दिसावा म्हणून मी आरशाला हात लावला.

टिक!

गाडी कोपऱ्यावर गप्प झाली. किक मारायला माझ्याकडे पाय उरला नव्हता.

"आजोबा, घेऊन जायला मदत करू?" भंगारवाल्यानं लांबून विचारलं.

"कर! पण आमच्या घरी!"

मागून चिरंजीव ढकलू लागले. टाकीवर आपण बसायचो तिथे आपली लेक बसलेली पाहून ते भंगाराचा विषय विसरले असावेत. आणि माझी शिष्या मान वळवून गंभीरपणे विचारत होती,

"आजोबा, ढकलताना बटण चालू ठेवायचं की बंद?"