थेंबही न गळणारं तळघर

संताप आधी रोसविथाला आला. तिचा नवरा वेंडेलिन पबमध्ये बिअरच्या दुसऱ्या ग्लासावर वटवाघूळ मंडळाला शब्द देऊन बसला होता, की आपल्या बागेत वटवाघळांना हिवाळाभर झोपायला भुयारी घर बांधून देतो! वेंडेलिन हा पंचक्रोशीतला नावाजलेला गवंडी. त्याच्या तळघरात पाण्याचा थेंब शिरत नाही, अशी ख्याती. (राहत्या घराचं तळघर सोडून. ते सासऱ्यानं बांधलं होतं, आणि हे तो दर नाताळात जेवताना सांगायचा.)

"माझ्या बरण्यांची झाकणं गंजली, बटाटे सडले! भेगा बुजव म्हटलं की तुझी कंबर धरते. आणि उलट्या लटकणाऱ्या प्राण्यांना बंगला?"

"शब्द दिलाय मी."

"मलाही दिला होतास. चर्चमध्ये!"

वेंडेलिन तणतणत खणायला लागला. वटवाघूळ मंडळाच्या अल्मुटबाई बघायला आल्या. "भिंती ओबडधोबड ठेवा हं. फटी हव्यात, ओल हवी."

"फटी? मी ठेवू? मग दुसरा गवंडी बघा, बाई!"

बाई गेल्यावर त्यानं एक फट ठेवून पाहिली. रात्रभर झोप लागेना. सकाळी ती बुजवली आणि वरून गुळगुळीत गिलावा केला. आत बोट फिरवलं तर कोरडं ठणठणीत.

हिवाळा आला, वटवाघूळ एकही आलं नाही. पुढच्या हिवाळ्यातही नाही. पबमध्ये लोक विचारत, "काय, भाडेकरू मिळाले का?"

"नालायक जात!" वेंडेलिन ग्लास आपटायचा. "चांगल्या कामाची कदर नाही!"

आणि एक दिवस बटाटे आणायला घरच्या तळघरात उतरलेली रोसविथा किंचाळली. भिंतीच्या भेगाभेगांत वटवाघळं झोपली होती. अल्मुटबाई धावत आल्या आणि त्यांचे डोळेच भरून आले.

"काय ही ओल! काय या भेगा! असं तळघर जिल्ह्यात नाही. कोणी बांधलं?"

"सासऱ्यानं," वेंडेलिन खेकसला.

"पण भेगा यानं राखल्या," रोसविथा म्हणाली.

हिवाळा सरेपर्यंत आत कोणी जायचं नाही आणि भेगांना तर कधीच हात लावायचा नाही, कायदा आहे, असं बाईंनी बजावलं. रोसविथानं दार बंद होण्याआधी बरण्या आणि बटाटे तेवढे हातगाडीवर घातले आणि बागेतल्या कोरड्या भुयारात नेऊन मांडले. कित्येक वर्षांनी ती गाणं गुणगुणत होती. वेंडेलिनची बिअर मात्र वटवाघळांपाशी अडकली.

बाईंनी बागेतल्या भुयारासाठी केव्हाच करून ठेवलेली पाटी आणली आणि रस्त्याकडच्या भिंतीवर, तळघराच्या दाराशेजारी, पक्क्या गोंदानं चिकटवली. 'वटवाघळांचं आदर्श तळघर. बांधकाम : वेंडेलिन होल्त्सेमर, गवंडी.'

वेंडेलिनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "या गळक्या बिळावर माझं नाव?" तो छिन्नी-हातोडा घेऊन धावला.

"श्श!" दोघी बायका एकदम म्हणाल्या. "झोपलीयेत ती!"