चूक मर्यादेत आहे

सबनीस सरांना किती वाजले ते विचारू नये. आमच्या वर्तकनगरच्या कॉलनीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. नवा वॉचमन मात्र फसला. बिचाऱ्याने सहज विचारलं, तर सर घड्याळाकडे बघून म्हणाले, "सव्वापाच. चूक दोन मिनिटांच्या आत." वॉचमनला वाटलं, आपल्याला ड्युटीवर यायला दोन मिनिटं उशीर झाला. "सॉरी साहेब, परत नाही होणार," म्हणून मोकळा झाला. सर त्यावरही खूश. चूक इतक्या चटकन कबूल करणारा विद्यार्थी त्यांना कॉलेजात कधी मिळाला नव्हता म्हणे.

सर आमच्या समोरच्या दारात राहतात. ठाण्यातल्या एका कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झाले. मी घरी ब्लाउज शिवते, त्यामुळे दिवसभर माझं दार उघडं असतं आणि त्यांचंही. कुठलंही उत्तर दिलं, की त्यात चूक किती असू शकेल तेही सांगायचं, हा त्यांचा नेम. गणिताच्या पुस्तकात 'त्रुटी' असा शब्द आहे, पण तो सरांना खपत नाही. "त्रुटी अर्जात असतात, विद्याताई. गणितात चूक असते. साधा शब्द आहे. चुकीला लाजायचं कशाला? ती जास्तीत जास्त किती, एवढं सांगता आलं की झालं."

एकदा त्यांनी मला त्यांचं लाडकं गणित समजावलं. "समजा, तुमचा ब्लाउज... म्हणजे तुमचा नव्हे, कोणाचा तरी," इथे सरांचे कान लाल झाले, "घट्ट झाला. तुम्ही उसवून सैल केलात. जरा जास्तच झाला. मग थोडा आत घेतलात. मग किंचित सैल. एकदा अधिक, एकदा उणे, पण दर वेळी आधीपेक्षा कमी. बरोबर?"

"बरोबर."

"मग तुम्ही कुठेही थांबा! जी चूक उरेल ती तुम्ही पुढे जे करणार होतात त्याहून लहानच असणार. त्या पुढच्याला आम्ही पद म्हणतो. पुढचं पद बघायचं, चूक त्याच्या आत. अट एकच, पदं लहान लहान होत गेली पाहिजेत."

मी म्हटलं, "सर, इतक्यांदा उसवलं तर कापड राहील का?"

सर विचारात पडले. "कापडाचं मला सांगता येणार नाही," म्हणाले.

हेच गणित ते आमटीत चालवतात. मीठ जास्त झालं म्हणून पाणी, पाणी जास्त झालं म्हणून मीठ, मग परत जरासं पाणी. शेवटी चव अगदी झकास येते, पण आमटी पातेल्यात मावत नाही. मग दारातून हाक येते, "विद्याताई, डबा आणता का?" आमच्या ह्यांना डाळ खाऊन खाऊन कंटाळा आलाय, पण सरांना नाही कोण म्हणणार?

आणि ती सोसायटीची मीटिंग! गच्चीवरच्या टाकीत पाणी किती घ्यायचं यावर चर्चा चालली होती. सर उठून म्हणाले, "सेक्रेटरीसाहेब, तुम्ही पुढच्या पदाकडे बघतच नाही." सेक्रेटरी ताडकन उभा राहिला. "मला कुठल्याही पदाची हाव नाही! हवं तर आत्ता राजीनामा देतो!" सर त्याला समजावू लागले, की पद लहान असलेलंच चांगलं. मग तर तो जास्तच पेटला. हसून हसून माझी मुरकुंडी वळली.

पण प्रत्येक वेळी असं हसण्यावारी जात नाही ना.

सरांची बायको, लतावहिनी, गेल्या आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या मुलाने, ओंकारने, कंपनीतली चांगली नोकरी सोडून नाटकांना लाइट्स करायचं ठरवलं. मी डबा परत द्यायला गेलेले, तर बापलेक समोरासमोर बसलेले. ओंकारने विचारलं, "बाबा, मी चुकतोय का? खरं सांगा."

सरांनी अगदी मनापासून विचार केला. "चूक आहे," ते म्हणाले, "पण मर्यादेत आहे."

अहो, सरांच्या तोंडून याहून मोठा आशीर्वाद निघतच नाही! ओंकार हे ऐकत लहानाचा मोठा झालेला, त्याला कळायला हवं होतं. पण त्याची आई नुकतीच गेलेली. तो बापाला विचारत होता आणि उत्तर दिलं मास्तरांनी. "मर्यादा शिकवू नका मला!" असं ओरडून तो जो निघाला, तो ठाण्यातच, पण पार कोपरीला भाड्याच्या खोलीत जाऊन राहिला. सर दारात उभं राहून म्हणत होते, "अरे, पण मी चांगलंच म्हणालो की!"

मग ओंकार रविवारी यायला लागला. यायचा, भांडायचा, दार आपटून जायचा. पुढच्या रविवारी आंबाबर्फी घेऊन यायचा आणि दोघं इतकं गोड बोलायचे, की ऐकवायचं नाही. त्याच्या पुढच्या रविवारी परत जुंपलेली. एकदा तो असाच तरातरा गेल्यावर सर माझ्या दारात आले. मी म्हटलं, "सर, हे असं कुठवर चालायचं?"

सर हळूच म्हणाले, "लहान होतायत, विद्याताई."

"काय?"

"भांडणं. आधी नोकरीवरून झालं. मग लताच्या साड्या कोणाला द्यायच्या त्यावरून. मग गॅलरीतल्या कुंड्यांवरून. आज तर पोह्यांत बटाटा का घातला, यावर! उणे आहे, पण किती लहान आहे बघा!"

या माणसाला त्याचा मुलगा परत हवा होता हो, आणि हिशेब मांडण्यापलीकडे त्याला काही येत नव्हतं. मला भरून आलं. मी मान खाली घालून मशीन जोरात चालवली.

आणि अशात ओंकार एके दिवशी सांगायला आला, की बंगळुरूच्या एका नाटकमंडळीने बोलावलंय, आता तिकडेच राहणार. सर नुसतं "बरं" म्हणाले. तो गेल्यावर माझ्याकडे आले आणि कापडाच्या तुकड्यांशेजारी खुर्चीत बसले. "अट मोडली, विद्याताई. हे पद सगळ्यांत मोठं आहे. आता काहीच सांगता येत नाही."

मी भडकलेच. "आग लागो तुमच्या त्या पदांना! तोंड उघडून सांगा ना त्याला, जाऊ नको म्हणून!"

"असं कसं म्हणू? त्याचं काम तिकडे आहे. त्याने जायलाच हवं."

"मग तुम्हाला काय वाटतंय ते तरी सांगा."

"ते कसं सांगतात?" सरांनी विचारलं. चेष्टा नाही, खरंच विचारत होते.

निघायच्या दिवशी ओंकार बॅग घेऊन नमस्काराला आला. मी माझ्या दारातच होते. सर म्हणाले, "गाडी पोचायला..." आणि थांबले. मग एकदम म्हणाले, "तू गेल्यावर मला करमणार नाही रे."

ओंकार तसाच उभा. अजून पुढे 'चूक इतकी' असं काही येतंय का, याची वाट बघत असणार. काही आलं नाही. तेव्हा तो वाकला आणि सरांच्या पायांशी बराच वेळ वाकलेलाच राहिला. "मलाही नाही करमणार, बाबा." जाताना मला म्हणाला, "काकू, लक्ष ठेवा." मी कसलं लक्ष ठेवणार, मीच पदराने डोळे पुसत होते.

आता संध्याकाळी फोन येतो. सर फोनवर ओरडूनच बोलतात, त्यामुळे मला सगळं ऐकू येतं. वेळेवर जेवत का नाहीस, केस किती वाढवलेत, तिकडच्या सांबारात गूळ घालतात का नाही. दोघं त्यावरूनही भांडतात आणि परत हसतात.

परवा मात्र काहीच ऐकू आलं नाही. मला काळजी वाटली, म्हणून समोर डोकावले. सर फोन हातात धरून बसलेले.

"काय झालं, सर? फोन आला नाही का?"

"आलेला. बराच वेळ चालला."

"मग आज कशावरून भांडलात?"

"कशावरूनच नाही. भांडायला काही सापडलंच नाही. तो गप्प, मी गप्प. त्याच्याकडे कुकरची शिट्टी होत होती, ती ऐकत बसलो."

"आणि मग?"

सरांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला लागले.

"त्याने फोन ठेवला नाही, विद्याताई," ते म्हणाले. "मीही नाही ठेवला."