आत्याच्या शिरा आणि मामांनी धरलेली खाट

पडेगावच्या अलीकडं एका दवाखान्यात मी आजारांना नंबर देतो. गंमत नाही, याचा पगार मिळतो! डॉक्टर रोगाचं नाव लिहितो, मी त्याचा कोड विमा कंपनीला कळवतो. कोड जुळला तर ऑपरेशन फुकट, चुकला तर पेशंट आणि कंपनीत भाऊबंदकी. आणि मला सगळे कोड तोंडपाठ! लोकांना धड आरती येत नाही, मला अख्खं मूत्रपिंड येतं.

म्हणून फुलंब्रीच्या वच्छलाआत्याला मी छातीठोकपणे सांगितलं, "आत्या, तू फक्त ये. बाकी सगळं मी बघतो!"

आत्याच्या पायाच्या शिरा गांडुळांची सहल निघावी तशा फुगल्या होत्या. पण ऑपरेशन म्हटलं की तिला घाम फुटायचा. शेवटी तयार झाली, तीही अटीवर.

"अभ्या, येकच डाव येईन. जरा जरी गडबड झाली तर उठून घरी. मंग पाय गळून पडला तरी नाय यायची!"

आता पायाच्या फुगलेल्या शिरांचा कोड आय-त्र्याऐंशी. मी तोंडपाठ ज्ञानाच्या जोरावर टाकला आय-शहाऐंशी पॉइंट एक. तोही फुगलेल्या शिरांचाच. फक्त त्या पुरुषांच्या अंडकोषाच्या पिशवीतल्या! कॉम्प्युटर बिचारा सज्जन. त्यानं विचारलं, 'हा आजार फक्त पुरुषांना होतो. नोंदीत स्त्रीऐवजी पुरुष करायचं का?' पण कॉम्प्युटर दिवसभर काही ना काही विचारतच असतो. सगळं वाचत बसलो तर जेवायचं कधी? मी 'होय' दाबलं आणि चहाला गेलो.

दुसऱ्या दिवशी आत्या भरती झाली. मनगटाला पट्टी: 'श्री. वच्छलाबाई, पुरुष'. खाट पुरुषांच्या वॉर्डात!

"मी काय गड्यांच्यात झोपू व्हय?"

"काकू, कॉम्प्युटरमध्ये हीच खाट आहे," प्रेरणा सिस्टर म्हणाली. "मी चौकशी करते, पण तोवर खाट सोडू नका. गेली की गेली!"

खिडकीतून रुमाल टाकून एसटीत जागा धरणाऱ्या पिढीला एवढं पुरे. आत्यानं पट्टी ओढून काढली आणि नवऱ्याच्या, म्हणजे सर्जेरावमामांच्या, मनगटात सरकवली.

"हे 'श्री' तुमचंच दिसतंय. जा, खाट धरा!"

ती स्वतः बाहेर बाकड्यावर बसली. मामांनी खाट इतकी मनापासून धरली की आडवे होऊन घोरायला लागले.

तेवढ्यात वॉर्डातला पुंजाराम वस्तरा घेऊन आला. ऑपरेशनआधी पेशंटची हजामत हे त्याचं खातं. खाट बरोबर, पट्टी बरोबर, पुरुष बरोबर. नाव वच्छलाबाई? नवसाच्या पोराला पोरीचं नाव ठेवायची आपल्याकडं रीतच आहे. पुंजारामला काहीच खटकलं नाही.

"उठा बाबा. हजामत करायची."

"करा की," मामा डोळे मिटूनच म्हणाले. "फुकट हाय न्हवं?"

पुढच्या क्षणी वॉर्डातून जी आरोळी निघाली, तिनं पार्किंगमधली कुत्री उठून गेली!

"आरं, काय करू राहिला! दाढी वर असती! वर!"

मी धावत पोचलो. पडद्याआड पुंजारामनं मामांचे पाय धरलेले आणि एक शिकाऊ डॉक्टर वाकून तपासत होता.

"कागदावर लिहिलंय ते बरोबर आहे," तो म्हणाला. "शिरा चांगल्याच फुगल्यात. कधीपासून दुखतंय?"

"डॉक्टर, हे पेशंट नाहीत!" मी ओरडलो. "हे नातेवाईक आहेत!"

"मग नातेवाईकांना आहे," डॉक्टर शांतपणे म्हणाला.

मी मामांकडं बघितलं. मामांनी पंख्याकडं.

"म्हंजे?" पडद्यातून आत्याचं डोकं आत आलं. "तुम्ही फाकून चालायचे ते गुडघ्यामुळं नाय? इतकी वर्षं मी गुडघ्याला तेल चोळू राहिले, अन् दुखणं भलतीकडंच?"

"लाज वाटली," मामा पुटपुटले. "अन् ऑपरेशनचं लई भ्या वाटतं."

आत्यानं पिशवी उचलली. संपलं! फुलंब्रीची गाडी, आत्याचा पाय आणि माझी नोकरी, तिन्ही मला एकाच वेळी सुटताना दिसले. पण पिशवी धपकन मामांच्या पोटावर आदळली.

"ही धरा अन् हितंच पडा! आधी मी जाऊन येते. बाईमाणूस कापून घेऊन परत येती का नाय ते बघा. मंग तुमचा नंबर! अन् अभ्या, तू काय बघत उभा? कर तुझं ते फुकटाचं!"

मी पळत जाऊन कोड दुरुस्त केला, आत्याला पुन्हा बाई केलं. दुपारी मंजुरी आली आणि ऑपरेशन झालं. भूल फक्त कमरेखाली दिली होती, त्यामुळं मामांना घातलेल्या शिव्या बाहेर स्वच्छ ऐकू येत होत्या.

मामांनी मला जवळ बोलावलं. "अभ्या, म्या कुणालाच बोललो नव्हतो, तरी कागदावर माझंच दुखणं. तुला रं कसं कळलं?"

खरं सांगायला मी तोंड उघडलं होतं, आईशप्पथ! पण बाहेर आलं, "अनुभव, मामा."

आत्यानं ते फुलंब्रीभर केलं: आमच्या अभ्याला माणूस न बघताच कळतं! आता मी गावात गेलो की पारावरची मोठमोठी माणसं बोलता बोलता थांबतात आणि पेपर मांडीवर पसरून घेतात.