सटवोजी घडशी पुन्हा नगाऱ्यास लागले त्याची हकीकत

श्रीगजाननाने बुद्धी दिधली तैसे लिहितो; श्रोत्यांनी तंबाखूची चिमूट हाती धरून सावध व्हावे. शके सोळाशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, श्रावणमासी गडाचे नगारखान्याची शिडी मोडली आणि थोरल्या नगाऱ्याचे मानकरी सटवोजी घडशी वरून खाली आले आणि उजवा खांदा निखळला. वैद्यांनी तो बसविला, परंतु हात छातीच्या वर उठेना. आता या दौलतीची रीत ऐसी, की जखमी चाकरास शेला पांघरावा, पालखीतून घरी पोचवावे आणि जन्मभर मुदपाकखान्यातून ताट धाडावे. रीत मोठी थोर खरी. परंतु एकदा घरी बसला तो कामावर परतला, ऐसे कोणी देखिले नाही. मग सटवोजींस ताट येऊ लागले, पुरणपोळी, वर तुपाची धार, सर्व यथास्थित. आणि गडावर दुसऱ्याचे हातचा नगारा झडे आणि सटवोजींचा घास हातीच राही. एके दिवशी ताट सरकवून बायकोस बोलिले, "कोंडाई, मजला जिताच देव्हाऱ्यात बसविला गं! हात मोडला, मी मेलो नाही." आणि ढसढसा रडले.

कोंडाई खमकी बाई. पदर खोचून तडक गड चढली आणि कारखानीस निंबाजीपंतांपुढे उभी ठाकली. "पंत, ते ताट आजपासून नगारखान्यात धाडा. आमचे धनी तिथे येऊन जेवतील, आणि जेवतील ते काम करून!" पंत चकित जाहले, मग पोट धरून हसले आणि मान्य केले. मग सटवोजी आधी शेगडीवर नगाऱ्याचे कातडे शेकू लागले, मग डाव्या हाताने ताल धरू लागले, आणि वैद्य रोज खांदा चोळीत आणि उजवा हात हळूहळू हलू लागला. परंतु छातीच्या वर काही जाईना, आणि नगारा तर उंच घडवंचीवर. मग पंतांनी सुतार बोलाविला आणि घडवंचीचे पाय कापण्यास सांगितले. अबब! दरबारात गहजब जाहला. थोरल्या महाराजांचे वेळेची घडवंची! नगारा खाली आला म्हणजे दौलतीची शान खाली आली! पंत बोलिले, "माणसाचा हात वर जात नाही, तर नगारा खाली आणू. त्यात कोणाचे काय गेले?" महाराज मिशीत हसले. "कापा. दसऱ्यास ऐकू. वाजला तर मान सटवोजींचा, न वाजला तर दुसऱ्याचा."

दसरा उजाडला. सटवोजींनी टिपरी उचलिली आणि पहिली थाप फिकी पडली, आणि दरबारी मंडळी मुद्दाम खाकरली. मग दुसरी पडली, तिसरी पडली, आणि मग ऐसा धडाका उठिला, की खाकरणे कोणास ऐकू येईना. पायथ्याचे बाजारी कोंडाई झेंडूचा भाव पाडीत होती, ती फुले टाकून ओरडली, "अगं बया, हा आमच्या धन्यांचा हात!" आणि भर बाजारात रडली आणि हसली.

येणेप्रमाणे वृत्त घडले. गड सर्वांस असतात, तोफा सर्वांस असतात. परंतु पडल्या चाकरास उठवून त्याचे जागी पुन्हा उभा करी, ऐसी दौलत आमची. हे लिहिताना छाती फुगते, ती फुगू द्यावी.