साडेतीन सेंटिमीटरची बोंब

सोनोग्राफीचा रिपोर्ट माधवीच्या आधी तिच्या नवऱ्याने, भूपेंद्रने, वाचला आणि तिथेच घोळ झाला. डाव्या अंडाशयात साडेतीन सेंटिमीटरची गाठ, एवढंच त्याला कळलं. डॉक्टर दुसऱ्या दिवशी भेटणार होत्या. तोवर थांबणं काही त्याला जमेना. त्याने समुद्रपूरच्या आत्याला फोन लावला आणि वर बजावलं, "कोनाले सांगू नोको."

आनंदाबाई आत्यांनी कोणालाच सांगितलं नाही. फक्त सिंदीच्या भावाला, नानाजींना सांगितलं. नानाजींनी पुलगावातल्या मेहुणीला कळवलं, तोवर गाठ संत्र्याएवढी झाली होती. ही मेहुणी, मीराबाई, माधवीच्याच गल्लीत राहायची. ती डोळ्यांना पदर लावून आली, तेव्हा माधवी चांगली पोहे खात बसली होती.

"खाऊन घे वं पोरी," मीराबाई हुंदका देत म्हणाल्या. "मनात असन ते खा."

सकाळच्या एसटीने आत्या हजर. माधवीच्या हातात झाडू पाहून ओरडल्या, "तू काऊन झाडून राह्यली? झोप पाहू!"

"आत्याबाई, मले काई नाई झालं."

"सुरुवातीले असंच वाटते."

दवाखान्यात भूपेंद्र, आत्या, मीराबाई असे सगळेच आत घुसले. डॉक्टर भावना रिपोर्ट पाहून म्हणाल्या, "साधी पाण्याची गाठ आहे. या वयात पाळीबरोबर अशा होतात, बहुतेक आपोआप जिरतात. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करू. मात्र अचानक जोरात पोट दुखलं, उलट्या, ताप, चक्कर असं काही झालं, तर त्याच घटकेला यायचं."

"म्हंजे ऑपरेशन नाई?" आत्या हिरमुसल्या. "मी तं पंधरा दिवसाचे लुगडे आनले! मंग घाबरा लागते कोनं?"

"घाबरायचं कोणीच नाही. पण पाळी जाऊन वर्षं झाली, अन् पोट सारखं फुगतंय, दोन घासांतच भरतंय, तर अंगावर काढायचं नाही."

आत्यांनी खुर्ची पुढे ओढली. मग हळूच म्हणाल्या, "दोन घास म्हंजे... भाकरीचे, का पोळीचे?"

माधवीने चमकून पाहिलं. "आत्याबाई, कवापासून?"

"दिवाळीपासून. मले वाटलं, पोट सुटलं."

माधवीने त्यांचा हात धरला आणि त्यांना तिथल्या तिथे तपासणीच्या टेबलावर झोपवलं. डॉक्टरांनी तपासलं, तर पोटात गाठ निघाली, चांगली नारळाएवढी. वर्ध्याला ऑपरेशन झालं. काढलेल्या गाठीच्या तपासणीचा कागद येईपर्यंत माधवीच्या घशाखाली घास उतरत नव्हता. पण गाठ साधीच निघाली.

तीन महिन्यांनी माधवीची गाठ जिरल्याचं कळलं. ती पेढे घेऊन समुद्रपूरला गेली, तेव्हा आत्या पाहुण्यांना आपल्या ऑपरेशनची कथा सांगत होत्या. बातमी ऐकून त्यांनी माधवीची अलाबला घेतली, पेढा तोंडात टाकला आणि पाहुण्यांकडे वळून म्हणाल्या, "पाहा! आजकालच्या पोरींले एक गाठ धड सांभाळता येत नाई."